पैसा सरकारचा, कारभार आमचा: अमेरिकी विद्यापीठांचा मोडलेला करार

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ट्रम्प सरकार विद्यापीठांच्या मागे हात धुऊन का लागलं आहे, ही पहिली. राज्यशास्त्रात एमए झालेल्या तुमच्या मुलीला अशा काळात पीएचडीसाठी अमेरिकेत पाठवावं का, ही दुसरी. दुसरीचं उत्तर पहिलीवर अवलंबून आहे, म्हणून आधी पहिलीकडे वळते. मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका राज्य विद्यापीठात अमेरिकी राज्यव्यवस्था शिकवते. म्हणजे माझं मत आतल्या माणसाचं आहे आणि त्यात आतल्या माणसाचा कल असणार, हे धरून वाचा.

थोडक्यात सांगायचं तर अमेरिकी विद्यापीठांचा ऐंशी वर्षांचा डोलारा एका अलिखित करारावर उभा होता. पैसा सरकारनं द्यायचा. कुणाला घ्यायचं, काय शिकवायचं, कशावर संशोधन करायचं ते विद्यापीठांनी ठरवायचं. हा करार कुठल्याही एका कायद्यात लिहिलेला नव्हता. डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोन्ही राजकीय पक्षांना त्यातून काही ना काही मिळत होतं म्हणून तो पाळला जात होता. गेल्या दहा वर्षांत पदवी हीच दोन पक्षांमधली सीमारेषा होऊन बसली, आणि एका पक्षाला करार पाळण्याचं कारण उरलं नाही. ट्रम्प यांनी हे घडवलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी ते इतरांच्या आधी ओळखलं.

भारतात पोचणारी बातमी बहुतेक वेळा हार्वर्ड आणि कोलंबियापुरती असते, त्यामुळे एक गैरसमज होतो. अमेरिकेत पदवी देणाऱ्या संस्था चार हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांच्या डोक्यावर यूजीसीसारखं काही नाही. केंद्राचं शिक्षण खातंच मुळी १९७९ च्या कायद्यानं, कार्टर यांच्या काळात जन्माला आलं, आणि अभ्यासक्रम ठरवण्याचा अधिकार त्याला कधीच नव्हता. नॅकसारखं काम खासगी मानांकन संस्था करतात. त्यांची मान्यता नसेल तर विद्यार्थ्यांना केंद्राचं कर्ज किंवा शिष्यवृत्ती मिळत नाही. हार्वर्ड, येल, स्टॅनफर्ड या खासगी संस्था. डार्टमथ कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १८१९ मध्येच सांगून ठेवलं की अशा संस्थेची सनद हा करार आहे, तो राज्याच्या विधिमंडळाला मोडता येत नाही. पण बहुतांश विद्यार्थी शिकतात ते सरकारी संस्थांत, आणि तिथं मालक राज्य आहे. सहसा गव्हर्नर विश्वस्त नेमतो आणि विधिमंडळ पैसा देतं. मिशिगनमध्ये तर विद्यापीठाचे रीजंट, म्हणजे विश्वस्त, लोक थेट मतदानानं निवडतात, पक्षांनी उभे केलेले उमेदवार, आठ वर्षांच्या मुदतीसाठी. जिथं राज्यपालच कुलपती असतो आणि कुलगुरूंची नेमणूक कशी होते हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्या महाराष्ट्रातून आलेल्या मला विद्यापीठातल्या राजकारणाचं नवल कधी वाटलं नाही. इथं इतकी वर्षं ते दाराबाहेर कसं थोपवलं गेलं, याचं वाटायचं.

ते थोपवलं गेलं कारण वॉशिंग्टनला विद्यापीठांची गरज होती. सुरुवात १८६२ ची. यादवी युद्ध चालू असताना लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली: काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या, प्रत्येक सदस्यामागे राज्याला ३०,००० एकर जमीन, ती विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढायची. (जमीन कुणाची होती? बरीचशी मूळ रहिवासी जमातींकडून घेतलेली. हा हिशेब इथं आत्ता कुठं मांडला जाऊ लागला आहे.) राहुरी, अकोला, परभणी, दापोलीची कृषी विद्यापीठं याच साच्यावरून निघाली, तेव्हा हा प्रकार तुम्हाला अगदीच परका नाही. मग १९४४ चा जीआय बिल: दुसऱ्या महायुद्धातून परतलेले सुमारे २२ लाख सैनिक सरकारी खर्चानं कॉलेजात गेले. १९४५ मध्ये, युद्धकाळात सरकारी संशोधनाचे प्रमुख असलेल्या व्हॅनेवार बुश यांनी अध्यक्षांना अहवाल दिला की मूलभूत संशोधनाचा पैसा सरकारनं द्यावा, पण काम विद्यापीठांत व्हावं आणि दिशा शास्त्रज्ञांनी ठरवावी. १९५० मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशन आलं. १९५७ मध्ये रशियानं स्पुटनिक सोडला आणि वर्षभरात संरक्षणाच्या नावाखाली शिक्षणाचा कायदा झाला. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यानं गरीब विद्यार्थ्यांसाठी केंद्राची तिजोरी उघडली. यातल्या प्रत्येक पायरीवर दोन्ही पक्षांची मतं होती. शेतकऱ्याला वाण, सैनिकाला पदवी, लष्कराला रडार, मध्यमवर्गाला मुलांची फी. मग एखादा प्राध्यापक वर्गात मार्क्स शिकवतोय याकडे डोळेझाक करणं परवडत होतं.

या पैशाचा एक ओघळ थेट पुण्यापर्यंत आलेला आहे. १९५८ च्या त्या कायद्यात परकीय भाषा आणि प्रदेशांच्या अभ्यासाला निधी होता. पी.एल. ४८० या अमेरिकी अन्नमदतीच्या कायद्याखाली भारतानं जो गहू घेतला त्याचे पैसे रुपयांत अमेरिकेच्या खात्यावर पडून होते. १९६० च्या दशकात त्यातून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या ग्रंथालयांना धाडली जाऊ लागली. शिकागोच्या कपाटांत मराठी पुस्तकांच्या रांगा आहेत त्या अशा. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज १९६१ मध्ये सुरू झाली ती डेक्कन कॉलेजच्या आवारात, आणि मराठी शिकायला अमेरिकी विद्यार्थी पुण्यात येऊ लागले. अमेरिकी अभ्यासक एलिनॉर झेलियट यांचा आंबेडकरी चळवळीवरचा प्रबंध १९६९ चा. शीतयुद्धाच्या भीतीतून निघालेल्या पैशानं महारांच्या चळवळीचा अभ्यास उभा राहावा, हे कुणाच्याही योजनेत नव्हतं. करार ढिला होता म्हणूनच असली फळं लागली.

आता त्याच कराराची दुसरी बाजू, जी आमच्या क्षेत्रातले बरेच लोक बोलायला कचरतात. पैशाबरोबर अटी येत गेल्या आणि त्या घालणारे बहुतेक वेळा उदारमतवादी होते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणानं सांगितलं की वंश, वर्ण वा मूळ देशावरून भेदभाव करणाऱ्या संस्थेला केंद्राचा पैसा मिळणार नाही. दक्षिणेतली गोऱ्यांची विद्यापीठं उघडायला हे हत्यार लागणारच होतं. वंशभेदी नियमांमुळे बॉब जोन्स विद्यापीठाची करसवलत १९७० च्या दशकात रद्द झाली आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. १९८४ मध्ये न्यायालय म्हणालं की ज्या विभागात पैसा जातो तेवढाच विभाग कायद्याखाली येतो. काँग्रेसनं १९८८ मध्ये अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार ओलांडून नवा कायदा केला आणि अख्खी संस्था त्याखाली आणली. २०११ मध्ये ओबामा सरकारच्या शिक्षण खात्यानं लैंगिक छळाच्या तक्रारी विद्यापीठांनी कशा चालवाव्यात हे एका पत्रानं कळवलं. नियम केला नाही, हरकती मागवल्या नाहीत, पत्र पाठवलं, आणि निधी जाईल या धास्तीनं सगळ्यांनी मानलं. तेव्हा आमच्यातल्या अनेकांनी माना डोलावल्या. वेसण दोन्ही पक्षांनी मिळून वळली होती. इतकी वर्षं कुणी हिसडा दिला नव्हता इतकंच. मिशिगनमधलं हिल्सडेल कॉलेज केंद्राचा एक छदामही घेत नाही ते याच हिशेबानं, आणि ते कट्टर परंपरावादी कॉलेज आहे. त्यांना हे फार आधी कळलं होतं.

राजकारणी आणि प्राध्यापकांची झटापट मात्र जुनीच. कोलंबियाचंच घ्या. बाबासाहेब आंबेडकर तिथं १९१३ ते १९१६ होते. ज्यांचे ते आयुष्यभर ऋण मानत राहिले ते जॉन ड्युई त्याच सुमारास, १९१५ मध्ये, प्राध्यापकांच्या देशव्यापी संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले, आणि त्या संघटनेनं शैक्षणिक स्वातंत्र्य म्हणजे काय याचा पहिला जाहीरनामा काढला. बाबासाहेब तिथून निघाले आणि पुढच्याच वर्षी त्याच विद्यापीठानं युद्धविरोधी भूमिकेपायी दोन प्राध्यापकांना काढलं. चार्ल्स बिअर्ड हे राज्यशास्त्राचे नावाजलेले प्राध्यापक. स्वतः युद्धाच्या बाजूचे असूनही त्यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. १९४९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठानं कम्युनिस्ट नसल्याची शपथ मागितली आणि पुढच्या वर्षी न देणाऱ्या ३१ जणांना घरी पाठवलं. रेगन १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर म्हणून निवडून आले ते त्याच विद्यापीठाच्या बर्कलीतल्या विद्यार्थी आंदोलनांचा गोंधळ साफ करतो म्हणत. पदावर आल्यावर तीन आठवड्यांत क्लार्क कर यांची विद्यापीठाच्या अध्यक्षपदावरून गच्छंती झाली. कर म्हणाले, उत्साहानं पेटून आलो होतो, तसाच चाललोय. इंग्रजीत त्या वाक्यात ‘काढून टाकलेला’ असाही अर्थ निघतो. मराठीत हा विनोद मरतो, त्याला माझा इलाज नाही.

मग आता वेगळं काय? रेगन बर्कलीवर तुटून पडत होते तेव्हा पदवीधर मतदार सर्वसाधारणपणे रिपब्लिकनांकडे झुकलेला होता. कॉलेजात शिकलेला माणूस म्हणजे बँकेतला, कंपनीतला, दवाखान्यातला, उपनगरात राहणारा, कर कमी हवेत म्हणणारा. रेगन यांना विद्यार्थ्यांना दटावायचं होतं, विद्यापीठ मोडायचं नव्हतं, कारण त्यांच्या मतदाराची मुलं तिथंच जाणार होती. आज पंचविशीपुढच्या अमेरिकनांपैकी सुमारे ३८ टक्के पदवीधर आहेत, आणि २०२४ च्या मतदानोत्तर पाहण्यांत पदवीधरांत डेमोक्रॅटिक उमेदवार हॅरिस पुढे, पदवी नसलेल्यांत ट्रम्प पुढे, दोन्हीकडे दहा टक्क्यांहून जास्त फरकानं. कमी शिकलेली माणसं मला आवडतात, असं ट्रम्प २०१६ मध्ये नेवाडात म्हणाले तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये हशा झाला. ते मतांचं गणित बोलत होते.

गॅलप या जनमत पाहणी करणाऱ्या संस्थेचे आकडे पाहा. उच्च शिक्षणावर बऱ्यापैकी वा पुष्कळ विश्वास आहे असं म्हणणारे अमेरिकन २०१५ मध्ये ५७ टक्के होते, २०२३ मध्ये ३६. रिपब्लिकनांमध्ये हाच आकडा ५६ वरून १९ वर आला. २०२५ मध्ये एकूण विश्वास ४२ पर्यंत सावरला, पण आठ वर्षांत एका पक्षाच्या मतदारांत असा कडेलोट मी दुसऱ्या कुठल्या नागरी संस्थेबाबत शिकवल्याचं आठवत नाही. पुढे ट्रम्प यांचे उपाध्यक्ष झालेले जे. डी. व्हान्स यांनी २०२१ मध्ये ‘विद्यापीठं हा शत्रू आहे’ या मथळ्याचं भाषण केलं. ते स्वतः येलमध्ये कायदा शिकलेले. ट्रम्प पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे, फ्लोरिडाचे गव्हर्नर डिसँटिस येल आणि हार्वर्डचे, हार्वर्डच्या अध्यक्षांना काँग्रेसपुढे उभं करून घाम फोडणाऱ्या रिपब्लिकन खासदार एलिस स्टेफानिक हार्वर्डच्याच. याला ढोंग म्हणणं सोपं आहे. पण या मंडळींना ती दारं आतून ठाऊक आहेत, म्हणून कुठं धक्का दिला की हलतात हेही ठाऊक आहे.

विद्यापीठांनी स्वतः काय केलं, हे टाळून उत्तर पुरं होणार नाही. प्राध्यापकवर्ग डावीकडे झुकलेला आहे हे खरं. माझ्या विभागात उघडपणे रिपब्लिकन असलेले सहकारी शोधायला फार बोटं लागत नाहीत. मुलांचं ‘ब्रेनवॉशिंग’ होतं हा आरोप मात्र वर्गात उभं राहिलेल्या कुणालाही हसू आणेल. दिलेली पानं वाचून आणणं हेच ज्यांना जमत नाही त्यांची विचारधारा मी काय बदलणार? शिवाय दर पाच पदव्यांमागे जवळपास एक बिझनेसची असते. हे कारखाने क्रांतिकारक घडवत असतील तर फार वाईट घडवतात. खरं दुखणं वेगळं आहे. नामांकित खासगी विद्यापीठाचा छापील खर्च आता वर्षाला ८० हजार डॉलरच्या पुढे जातो. गरीब घरच्या मुलाला तो भरावा लागत नाही हे खरं, पण ओहायोतल्या गॅरेजवाल्याला छापील आकडा दिसतो. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की ३८ कॉलेजांत सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं तळच्या साठ टक्क्यांतल्या मुलांपेक्षा जास्त आहेत. तरी माजी विद्यार्थ्यांच्या पोरांना प्रवेशात झुकतं माप चालूच. केंद्राचं शैक्षणिक कर्ज १.६ लाख कोटी डॉलरच्या घरात. आणि शिकवतंय कोण? जवळपास दोन तृतीयांश अध्यापक कायम पदाच्या वाटेवर नाहीत. त्यातले कित्येक आपल्याकडच्या सीएचबीवाल्यांसारखे, या कॉलेजातून त्या कॉलेजात गाडी हाकत, तासांवर पैसे घेणारे. समतेचं व्याख्यान देणाऱ्या संस्थेचं पोट यावर चालतं हे बाहेरच्यांना दिसत नसेल असं समजणं भाबडेपणाचं होतं.

५ डिसेंबर २०२३ ची काँग्रेसमधली सुनावणी यामुळे इतकी लागली. ज्यूंच्या वंशसंहाराची हाक देणं हा विद्यापीठाच्या नियमांचा भंग ठरतो का, या प्रश्नावर हार्वर्ड, पेन आणि एमआयटीच्या अध्यक्षांनी वकिलांनी पढवलेली उत्तरं दिली: संदर्भावर अवलंबून आहे. कायद्यानं ते उत्तर चूक नव्हतं. पण आधीची काही वर्षं साध्या टोचणाऱ्या शब्दांवरही परिपत्रकं काढणाऱ्या संस्थांच्या तोंडी ते शोभलं नाही. पेनच्या अध्यक्षांनी चार दिवसांत पद सोडलं, हार्वर्डच्या क्लॉडिन गे यांनी २ जानेवारीला, वाङ्मयचौर्याच्या आरोपांची भर पडल्यावर.

तुमच्या वर्तमानपत्रात जे येत नाही ते राज्यांत घडतं, आणि माझ्या मते दीर्घकाळ टिकणारा घाव तोच. विस्कॉन्सिननं २०१५ मध्ये प्राध्यापकांच्या कायमपणाचं संरक्षण राज्याच्या कायद्यातून काढलं. त्याच अर्थसंकल्पाच्या मसुद्यात विद्यापीठाच्या ध्येयातली ‘सत्याचा शोध’ ही शब्दयोजनाही खोडली होती. बोंब झाल्यावर गव्हर्नर वॉकर म्हणाले, मसुद्यातली चूक. फ्लोरिडात डिसँटिस यांनी जानेवारी २०२३ मध्ये न्यू कॉलेज या छोट्या, मुक्त वळणाच्या सरकारी कॉलेजावर एकदम सहा विश्वस्त नेमले आणि महिन्याभरात अध्यक्ष बदलला. वर्षभरानं तिथल्या सरकारी विद्यापीठांच्या पायाभूत विषयांतून समाजशास्त्र वगळलं गेलं. टेक्सासनं सरकारी विद्यापीठांतली विविधता-समावेशन कार्यालयं १ जानेवारी २०२४ पासून बंद केली. ओहायोनं २०२५ मध्ये तेच केलं, वर प्राध्यापकांचा संपाचा हक्क काढून घेतला आणि प्रत्येक अभ्यासक्रमपत्रिका जाहीर संकेतस्थळावर टाकायला लावली.

शेवटची तरतूद निरुपद्रवी वाटते. करदात्याला पाहू द्या की काय शिकवतात. पण त्याचा परिणाम मी सहकाऱ्यांत पाहते: वंशावरचा एक आठवडा ‘राज्यांची निवडणूक पद्धती’ या नावाखाली सरकतो, वाचनयादीतलं एखादं नाव गळतं, कुणी काढायला सांगितलेलं नसतं. फ्लोरिडाच्या वकिलांनी न्यायालयात मांडलेला युक्तिवाद तर मुळावरच घाव घालतो. सरकारी विद्यापीठातल्या वर्गात प्राध्यापक बोलतो ते सरकारचं बोलणं आहे, म्हणून काय बोलायचं ते सरकार ठरवेल. २०२२ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी तो धुडकावला. हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात शेवटपर्यंत गेला आणि उलटा लागला, तर हार्वर्डचं काही बिघडणार नाही, माझ्यासारख्यांचं बिघडेल.

२०२५ च्या घटना तुम्ही वाचल्याच असतील, म्हणून पटकन सांगते. मार्चमध्ये कोलंबियाचे ४० कोटी डॉलर रोखले. जुलैत विद्यापीठानं २२ कोटींच्या आसपास भरायचं कबूल करून तडजोड केली. हार्वर्डनं एप्रिलमध्ये मागण्या फेटाळल्या, त्याच दिवशी २२० कोटी गोठले, परदेशी विद्यार्थी घ्यायचा परवानाही काढून पाहिला. ३ सप्टेंबरला न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी निधी रोखणं बेकायदा ठरवलं आणि सरकारनं अपील केलं. ऑक्टोबरमध्ये नऊ विद्यापीठांपुढे एक ‘कॉम्पॅक्ट’ ठेवला गेला: आमच्या अटी माना, निधीत अग्रक्रम घ्या. सर्वांत आधी नाही म्हटलं ते एमआयटीनं. हार्वर्डकडे ५,००० कोटी डॉलरांहून मोठी गंगाजळी आहे, मग सरकारी पैसा हवाच कशाला, असं मला पुण्यातले नातेवाईक दर वेळी विचारतात. ती एक थैली नाही. देणगीदारांनी घालून दिलेल्या अटींचे हजारो वेगवेगळे निधी आहेत. अमुक भाषेच्या अध्यासनाच्या पैशातून कर्करोगाची प्रयोगशाळा चालवता येत नाही. शिवाय २०२५ च्या जुलैतल्या कायद्यानं अतिश्रीमंत विद्यापीठांच्या गंगाजळीच्या उत्पन्नावरचा कर १.४ वरून ८ टक्क्यांपर्यंत चढवला.

राज्यशास्त्राची म्हणून मला या सगळ्यात खटकते ती काँग्रेसची गैरहजेरी. हा पैसा काँग्रेसनं मंजूर केलेला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणाखाली तो काढायचा तर नोटीस, सुनावणी, लेखी निष्कर्ष आणि काँग्रेसला अहवाल देऊन तीस दिवसांची वाट, ही पद्धत त्याच कायद्यात दिलेली आहे. तिला फाटा देऊन पत्रांवर कारभार झाला, आणि ज्यांच्या तिजोरीवर हात पडला ते सभागृह गप्प बसलं. संशोधनाच्या अनुदानात इमारत, वीज, कार्यालय अशा वरखर्चाला (ओव्हरहेड) १५ टक्क्यांची मर्यादाही अशीच रातोरात आली होती. ती न्यायालयांनी अडवली, सिनेटनं नव्हे. पत्रानं राज्य करायची सवय आधी लागली होती, हे वर सांगितलंच. पुढचं डेमोक्रॅटिक सरकार ती सोडून देईल यावर मी पैज लावणार नाही.

आता तुमची मुलगी.

राज्यशास्त्राची पीएचडी इथं पाच-सहा वर्षांची, आणि चांगल्या विभागात फी माफ असून विद्यावेतन मिळतं, त्या बदल्यात प्राध्यापकांना शिकवण्यात वा संशोधनात मदत करायची. पैसे भरून पीएचडी करायला कुणी बोलावत असेल तर नाही म्हणा; हा सल्ला मी ट्रम्प येण्याच्या आधीही देत होते. पैसे भरून एमए करून मग बघू, हा मार्ग तर आता फारच महाग जुगार आहे. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजार भारतीय विद्यार्थी होते, चीनपेक्षाही जास्त, आणि त्यांतले पुष्कळ पूर्ण फी भरून मास्टर्स करणारे. राज्यांनी हात आखडता घेतला तेव्हा या फीवर अनेक सरकारी विद्यापीठं तगली. त्यांना तुमची मुलगी हवी आहे यात शंका नाही. कशासाठी हवी आहे ते ओळखा. संगणकवाल्याला पदवीनंतर तीन वर्षं काम करायची मुभा असते, राज्यशास्त्रात साधारणपणे एकच वर्ष.

जागा कमी झाल्या आहेत. २०२५ च्या वसंतात काही ठिकाणी दिलेले प्रवेश परत घेतले गेले, मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी वैद्यकीय विद्यापीठात ते उघडपणे झालं. पुढच्या वर्षासाठी अनेक मोठ्या विभागांनी पीएचडीच्या जागा घटवल्या. आमचा विषय आधीही डोळ्यांत खुपायचा. २०१३ मध्ये सिनेटर टॉम कोबर्न यांनी राष्ट्रीय सुरक्षा वा आर्थिक हिताशी संबंध नसेल तर राज्यशास्त्राला नॅशनल सायन्स फाउंडेशनचा पैसा नाही, अशी दुरुस्ती मंजूर करून घेतली होती. वर्षभरात ती गळली. तिला भारताच्या राजकारणावरच काम करायचं असेल तर लंडन, टोरांटो, हायडेलबर्ग यांचाही गांभीर्यानं विचार व्हावा. प्रदेश-अभ्यासाच्या ज्या पैशावर इथली मराठी, बंगाली, तमिळची वर्गखोली चालायची तो आटतो आहे. तुलनात्मक राजकारण किंवा संख्यात्मक पद्धती यांत रस असेल तर मात्र इथल्यासारखं प्रशिक्षण अजूनही दुसरीकडे सहज मिळत नाही, आणि ते मी राष्ट्राभिमानानं बोलत नाही.

व्हिसाबाबत दोन गोष्टी. २०२५ च्या जूनपासून अर्जदाराला समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात. जुन्या पोस्ट घाईघाईनं पुसू नका, ते अधिक संशयास्पद दिसतं. पण पुढे काय लिहायचं याचा विचार तिनं आत्तापासून करावा. राज्यशास्त्राच्या विद्यार्थिनीला हे सांगताना मला लाज वाटते, तरी सांगते. दुसरं, विद्यार्थी व्हिसावरचा मुक्काम अभ्यासक्रम संपेपर्यंत असतो, तो जास्तीत जास्त चार वर्षांवर आणायचा प्रस्ताव ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला गेला. पीएचडीवाल्याला म्हणजे मध्येच मुदतवाढ मागावी लागणार. अर्ज करताना त्याचं काय झालं ते बघून घ्या. एच-१बीच्या नव्या अर्जावरचा एक लाख डॉलरचा आकार हा पुढचा प्रश्न; त्यावर आज झोप उडवून घेऊ नका.

खासगी की सरकारी? बातम्या वाचून लोक सरकारी सुरक्षित समजतात, कारण हल्ले हार्वर्डवर दिसतात. मी उलट सांगेन: आधी राज्य बघा. तिथल्या विधिमंडळात गेल्या तीन वर्षांत विद्यापीठांविषयी काय मंजूर झालं ते तासाभरात शोधता येतं. मिनेसोटा आणि टेक्सास या दोन्ही ठिकाणी राज्यशास्त्राचे विभाग उत्तम आहेत, पण जात आणि वंश यांची तुलना हा विषय घेऊन कुठं बसावं याचं उत्तर दोन्हीकडे सारखं नाही.

अर्जाच्या मुदती बहुतेक ठिकाणी डिसेंबरात असतात. त्याआधी तिनं विभागप्रमुखांना लांबलचक पत्रं लिहिण्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या वर्षात असलेल्या विद्यार्थ्यांना गाठावं, शक्यतो भारतातून गेलेल्या. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत विद्यावेतन मिळतं का, यंदा किती जणांना घेतलं, आणि जिच्याकडे काम करायचं त्या प्राध्यापिका दुसरीकडे नोकरी शोधताहेत का, एवढं विचारावं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ईमेलवर कुणी देणार नाही. फोनवर देतात.